तेल-तूप, कोलेस्टेरॉल आणि आतड्याचा कॅन्सर

गटाच्या बैठकीत आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तेल-तूप सोडलं की आतड्याचा कॅन्सर टळतो का? आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला, तर काळजी मिटली का? या समजुती कुठून आल्या, ते आज पाहू.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी डॉक्टरांनी देशोदेशीच्या आजारांची तुलना सुरू केली. जिथे मांस आणि चरबी जास्त खातात, तिथे मोठ्या आतड्याचा कॅन्सर जास्त दिसला. कारणही पटण्यासारखं होतं. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं, चरबी पचवायला ते लागतं. चरबी वाढली की जास्त पित्त मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि आतड्याच्या अस्तराला इजा होते. झालं, सगळा दोष चरबीवर आला.

पण आपल्या मुंबईतून वेगळंच चित्र पुढे आलं. पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कामगारांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या. 1967 साली त्यांनी लिहिलं, की दूध-तूप भरपूर खाणाऱ्या पंजाबी कामगारांत हा कॅन्सर फारसा आढळत नाही. त्यांच्या जेवणात चोथाही भरपूर होता, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. हा काही पक्का पुरावा नव्हता, पण दोष एकट्या तुपाचा नसावा, एवढं दिसलं.

1974 मध्ये आणखी एक नवल कळलं. या रुग्णांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल अपेक्षेपेक्षा कमीच होतं. कॅन्सरमुळेही ते उतरू शकतं. म्हणजे तो रिपोर्ट हृदयासाठी उपयोगाचा, आतड्याची हमी देणारा नाही.

मग अमेरिकेत पाळी गेलेल्या जवळजवळ 49 हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाने सुमारे आठ वर्षं चरबी कमी खाल्ली. 2006 मध्ये निकाल आला : त्यांच्यात हा कॅन्सर कमी झाला नव्हता. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरचं कारण ठरवलं. बकऱ्याचं, डुकराचं आणि गुरांचं मांस 'बहुधा कारण' या यादीत गेलं.

म्हणून तेल-तूप बेतानं खा, ते हृदयासाठी आणि वजनासाठी. आतड्यासाठी वाल, मटकी, पालेभाजी, नाचणी ताटात असू द्या. तंबाखू, मिश्री, दारू दूर ठेवा.

आणि एक गोष्ट लाजेपोटी लपवू नका. शौचातून रक्त गेलं की आपण "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसतो. पाळी गेल्यावरही रक्त कमी भरलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेत राहतो. अशा वेळी, किंवा शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पुढे गरज पडलीच, तर टाटा स्मारक केंद्राची कॅन्सर संस्था आपल्या पनवेल तालुक्यात, खारघरलाच आहे. लवकर सापडला, तर हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो.