सरकारी शिक्क्याचा संसार

'संसार मांडणें' हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत इतका रुळलेला आहे कीं त्यांतील 'मांडणें' या शब्दाकडे आपलें सहसा लक्षहि जात नाहीं. मांडावयाचें तें कांहीं तरी हातीं असावें लागतें. आमच्याकडे पूर्वीं चार भांडीं, एक ट्रंक, दोन पाट आणि एक वळकटी एवढ्यावर अनेकांचा संसार मांडला जाई, व त्यांत फारसें उणें वाटत नसे. पण जेथें खाटेवर निजावयाचें, खुर्चीवर बसावयाचें आणि टेबलावर जेवावयाचें अशी जन्मापासूनची संवय, तेथें हीं तीन साधनेंच मिळेनाशीं झालीं तर नव्या जोडप्यानें काय मांडावें? दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमधील नवविवाहितांपुढें हा प्रश्न आला. त्याचें उत्तर तेथील सरकारनें दिलें, जोडप्यांनीं तें निमूटपणें पत्करलें, आणि पुढें दहापंधरा वर्षांत पुष्कळांनीं तें घराबाहेरहि काढलें.

त्या देशाला लागणारें लांकूड बव्हंशीं परदेशांतून जहाजांनीं येई. 1939 च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें आणि लांकडावर सरकारी नियंत्रण आलें. जहाजांतील जागा अन्नधान्य व युद्धसामग्री यांसाठीं हवी होती. होतें त्या लांकडालाहि दुसरे धनी भेटले. लंडनच्या वायव्येस हाय विकम नांवाचें गांव आहे. खुर्च्या करण्यांत तेथील कारागिरांचा हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला. युद्धांत तेथल्या फर्निचरच्या कारखान्यांतून 'मॉस्किटो' या लांकडी लढाऊ विमानाचे भाग बाहेर पडूं लागले. इकडे सप्टेंबर 1940 पासून मे 1941 पर्यंत जर्मन विमानांनीं लंडन व इतर शहरांवर बाँबचा वर्षाव केला. घरें गेलीं, आणि घरांबरोबर आजोबांच्या खाटा व आजीचीं कपाटेंहि गेलीं. मागणी वाढली, माल आटला, जुन्या बाजारांतील मोडक्या खुर्चीचा भाव कडाडला. लग्नें मात्र थांबलीं नाहींत. सैनिक चार दिवसांच्या रजेवर येई, लग्न उरकी आणि परत जाई. मागें राहिलेल्या वधूनें एक खोली मिळवून तींत वाट पाहावयाची, हें नित्याचें झालें होतें.

1942 सालीं व्यापारमंत्री ह्यू डाल्टन यांनीं या कामासाठीं सल्लागार समिति नेमली. फर्निचरचे ठराविक नमुने सरकारनेंच ठरवावे, परवाना असलेल्या कारखान्यांनीं तेवढेच करावे, आणि किंमतहि बांधून द्यावी, अशी ही 'युटिलिटी' योजना. निवडलेले नमुने क्लिंच आणि कटलर या हाय विकमच्याच दोघांनीं आंखले होते. त्या ऑक्टोबरांत ते लंडनला लोकांसमोर मांडले गेले आणि 1 जानेवारी 1943 रोजीं सुमारें तीस वस्तूंची सूचि छापून निघाली. ओक किंवा महोगनी यांचा सांगाडा, रुंद फळ्यांच्या जागीं हार्डबोर्ड आणि त्यावर खऱ्या लांकडाचा पातळ पापुद्रा, अशी त्याची घडण होती. सांधे मात्र खिळे ठोकून भागवलेले नव्हते. एका लांकडाची जीभ दुसऱ्याच्या खांचेंत बसवून पक्के केलेले होते. नक्षी नाहीं, वेलबुट्टी नाहीं, नागमोडी पाय नाहींत. ज्याला सुतारकाम कळतें त्यानें या कपाटाला नांवें ठेवूं नयेत, असें मला वाटतें.

प्रत्येक वस्तूवर 'सीसी 41' हा शिक्का असे. हा शिक्का मूळचा 1941 सालच्या कपड्यांच्या योजनेचा. त्यांतील दोन 'सी' पाचर कापून काढलेल्या चीजच्या चकत्यांसारखे दिसत. म्हणून लोक थट्टेनें त्यांना 'चीज' म्हणूं लागले.

हें फर्निचर पैसे टाकून कोणालाहि मिळत नसे. नवविवाहित, बाँबनें घर गमावलेले आणि मूल होऊं घातलेलीं जोडपीं यांनाच परवाना मिळे. त्यावर आरंभीं साठ युनिटें असत. 1943 मध्येंच तीं तीसांवर आलीं. प्रत्येक वस्तूला ठराविक युनिटें पडत. कपाट घ्यावें तर खुर्च्या कमी होतात, खुर्च्या घ्याव्या तर कपडे दोरीवर टांगावे लागतात. असा हिशेब मांडीत पुष्कळांचें पहिलें गृहकृत्य सुरू झालें. त्याच 1943 च्या मे महिन्यांत मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें होतें. मुंबईकर तांदूळ मोजून घेत होते तेव्हां लंडनकर खुर्च्या मोजून घेत होते, असें म्हणतां येईल. पण त्याच वर्षीं बंगाल अन्नावांचून मरत होता, हें विसरून ही तुलना करूं नये.

आतां या योजनेमागें केवळ लांकडाची टंचाई नव्हती. तिच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकीं गॉर्डन रसेल हे स्वतः नाणावलेले फर्निचरकार. 1943 सालीं नमुन्यांच्या मंडळाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. युद्धापूर्वीं सामान्य माणसाच्या घरांत यंत्रानें कोरलेली खोटी नक्षी आणि जुन्या राजेरजवाड्यांच्या सामानाच्या स्वस्त नकला यांची रेलचेल होती. ती या निमित्तानें हटेल आणि साध्या, प्रामाणिक कामाची अभिरुचि रुजेल, अशी त्यांची धारणा. हेतु चांगला, वस्तूहि चांगल्या. परंतु ज्यांच्या घरांत त्या जावयाच्या त्यांना कोणी विचारलें नव्हतें. शेजारणीच्या खोलींत जें कपाट तेंच आपल्या खोलींत. आणि उघडावें तेव्हां तो शिक्का समोर.

1948 च्या जूनमध्यें परवान्यांची अट गेली. 1951 सालीं टेम्सच्या दक्षिण तीरावर राष्ट्रीय महोत्सव भरला. तेथें बारीक लोखंडी सळयांच्या, हलक्याफुलक्या खुर्च्या पाहून लोक हरखून गेले. 1952 सालीं योजनाच गुंडाळली गेली. 1953 मध्यें हाय विकमच्या गॉम कंपनीनें 'जी-प्लॅन' नांवाचें फर्निचर बाजारांत आणलें. त्याची मोठी खुबी अशी कीं सबंध संच एकदम घ्यावा लागत नसे. आज टेबल, पुढच्या वर्षीं खुर्च्या, असें ऐपतीप्रमाणें घेतां येई. 1954 च्या जुलैमध्यें हप्तेबंदीच्या खरेदीवरील निर्बंधहि उठले.

मग घराघरांतून तें जुनें सामान हलूं लागलें. तें एका दिवसांत गेलें नाहीं. कपाट निजावयाच्या खोलींतून मुलांच्या खोलींत जाई, तेथून बागेंतल्या टपरींत. आणि ज्यांत नवरीचे मोजके कपडे राहिले त्यांत रंगाचे डबे व करवती राहूं लागत. कांहीं जोडप्यांनीं तें धाकट्या भावंडांच्या संसाराला दिलें, कांहींनीं जुन्या बाजारांत. टाकतांना मनाला चुटपुट लागली नसेल असें नाहीं. पहिलें मूल त्याच खाटेवर निजलें होतें. पण त्या खाटेबरोबर रांगा, अंधार केलेल्या खिडक्या आणि तारेच्या भीतीनें जागून काढलेल्या रात्रीहि घरांत बसून होत्या. त्या बाहेर काढाव्या असें एखाद्या बाईला वाटलें असेल तर तिला कृतघ्न कोण म्हणेल?

यांतली मौज अशी कीं जी-प्लॅनचें कपाटहि साधेंच होतें. त्यालाहि नक्षी नव्हती, वेलबुट्टी नव्हती. रसेल यांना जी अभिरुचि हवी होती ती पुष्कळ अंशीं आली. पण शिक्का पुसला गेल्यावर, आणि दुकानांत शिरून नवरा-बायकोंनीं एकमेकांशीं हुज्जत घालून पसंत केलेल्या वस्तूंच्या रूपानें. बाहेर टाकलेलें कपाट आणि त्याच्या जागीं आलेलें कपाट शेजारीं ठेवलें तर परक्याला त्यांत फारसें अंतर दिसणार नाहीं. घरच्यांना तें दिसे.

पूर्व लंडनमधील जेफ्री म्यूझियमनें, ज्याला आतां 'म्यूझियम ऑफ द होम' म्हणतात, 1974 सालीं या युद्धकालीन फर्निचरचें आणि कपड्यांचें प्रदर्शन भरवलें. सांधे पक्के असल्यामुळें टपऱ्यांतून, माळ्यांवरून पुष्कळ वस्तू धडधाकट निघाल्या होत्या. आज जुन्या वस्तूंचे शौकीन कपाट विकत घेण्यापूर्वीं वाकून, दिवा धरून त्याच शिक्क्याचा शोध घेतात.