राष्ट्रपतिपदाची निवडणूक, १९६९

राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या निधनामुळे (३ मे १९६९) झालेली मध्यावधी निवडणूक. तीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी स्वपक्षाच्या अधिकृत उमेदवाराचा पुरस्कार करण्याचे नाकारले. बंगलोर येथे जुलैमध्ये काँग्रेसच्या संसदीय मंडळाने त्यांचा विरोध डावलून नीलम संजीव रेड्डी यांची निवड केली. यशवंतराव चव्हाणांनीही रेड्डींच्या बाजूने मत दिले. इंदिरा गांधींनी रेड्डींच्या नामनिर्देशनपत्रावर सूचक म्हणून सही केली. तथापि पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या नेत्यांशी दुय्यम पसंतीच्या मतांसाठी बोलणी केली, तेव्हा त्यांनी पक्षादेश काढण्यास नकार देऊन सदसद्‌विवेकबुद्धीनुसार मतदानाचा पुरस्कार केला. या दोन पक्षांचा पाठिंबा चिंतामणराव देशमुख यांना होता, व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होते.

मतदान १६ ऑगस्टला झाले. पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ मते (मतमूल्ये) पडली. निम्म्याहून अधिक मते कोणासच न मिळाल्याने दुय्यम पसंतीची मते मोजण्यात आली. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ मतांनी विजयी झाले.

मतदान गुप्त असल्याने काँग्रेसच्या किती सदस्यांनी गिरींना मते दिली, हे निश्चित सांगता येत नाही. पक्षशिस्तीचा प्रश्न मात्र मिटला नाही. १२ नोव्हेंबर रोजी इंदिरा गांधींना पक्षातून काढण्यात आले व पक्ष दुभंगला. चव्हाण त्यांच्यासमवेत राहिले. रेड्डी पुढे १९७७ मध्ये अविरोध राष्ट्रपती झाले.