कचऱ्यावरील हक्क : वतन आणि ओळखपत्र

१

इतिहाससंशोधकाच्या हातीं जीं साधनें येतात, त्यांत कागद हें मुख्य होय. त्यावर काय लिहिलें आहे याची चिकित्सा आम्ही मंडळी मोठ्या कसोशीनें करितों. अक्षर कोणाचें, शिक्का खरा कीं बनावट, मिती जुळते कीं नाहीं, हें सर्व पाहतों. परंतु तो कागद स्वतः कशाचा झाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारल्यास उत्तर असें मिळतें कीं, चिंध्या, जुनीं दोरखंडें, फाटकीं गोणपाटें आणि रद्दी यांपासून. म्हणजे ज्यांस आपण राज्यांचे, तहांचे व वतनांचे पुरावे म्हणून जपतों, ते देहानें पाहूं गेल्यास लोकांनीं टाकून दिलेल्या जिनसांचा दुसरा जन्म होत.

टाकाऊ वस्तूपासून पुनः उपयुक्त वस्तु करण्याच्या क्रियेस हल्लीं पुनश्चक्रीकरण असें नांव आहे. हा विषय अर्वाचीन समजला जातो, व तो या पृष्ठांत कशास, अशी शंका वाचकांस येईल. आमचें म्हणणें असें कीं, ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. नवें आहे तें त्या टाकाऊ वस्तूवरील हक्काचें स्वरूप, आणि हक्काचा विचार हा तर इतिहासाचा खास प्रांत. पुणें शहराच्या उदाहरणानें हें येथें दाखवावयाचें आहे.

२

प्रथम शब्दांची साक्ष घेऊं. कचरा हा शब्द संस्कृत ‘कच्चर’ याच्याशीं जुळतो. अमरकोशांत मलिन या अर्थाच्या शब्दांत त्याची गणना आहे. उकिरडा हा प्राकृत ‘उक्कुरुड’ या शब्दाच्या घरचा. देवास वाहून उतरलेल्या फुलांस आपण निर्माल्य म्हणतों व तीं पायदळीं येऊं देत नाहीं. टाकण्याच्या वस्तूंतही प्रतवारी आहे, हा विचार त्यांत दिसतो. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत रस्त्यावर केर टाकणाऱ्यास अष्टमांश पण दंड सांगितला असून चिखलपाणी तुंबविणाऱ्यास पाव पण सांगितला आहे. तेव्हां नगर आणि केर यांचा तंटा नवा नव्हे.

व्यवहारांतील शब्द याहून बोलके आहेत. फुटकें भांडें तांबटाकडे नेलें म्हणजे तो तें वजनावर घेई व त्याची किंमत नव्या भांड्याच्या किंमतींतून वजा करी. अशा भांड्यास ‘मोड’ म्हणत. ‘मोडीत काढणें’ हा शब्दप्रयोग आज आपण निरुपयोगी ठरविणें या अर्थी करितों. मूळ व्यवहारांत मात्र मोडीस भाव होता. जुन्या कपड्यांवर भांडें देणारी बोहारीण ही त्याच व्यवहाराची दुसरी शाखा. आणि उकिरड्याची दैनासुद्धां बारा वर्षांनीं फिटते, ही म्हण ज्या समाजांत रूढ झाली त्यास टाकलेल्या वस्तूचें मोल ठाऊक नव्हतें, असें कोण म्हणेल?

३

कागदाच्या धंद्याकडे पाहतां हेंच दिसतें. जुन्नर, दौलताबादेजवळील कागजीपुरा, खानदेशांतील एरंडोल हीं या धंद्याचीं प्रसिद्ध ठाणीं होतीं, व खुद्द पुण्यांत कसबा पेठेंतील कागदीपुरा आपल्या नांवानेंच आपला इतिहास सांगतो. कच्चा माल चुन्याच्या पाण्यांत भिजवून मुरवीत, मग कुटून त्याचा लगदा करीत. लगदा हौदांत पाण्याशीं मिसळून त्यांतून साच्यानें पातळ थर उचलीत. ते थर भिंतीवर डकवून वाळवीत, खळ लावीत व शेवटीं गुळगुळीत दगडानें घोटीत. गिरणीचा कागद आल्यावर हा धंदा बसला. पुढें १९४० सालीं पुण्यांत हातकागद संस्था निघाली, व सुती चिंध्यांपासून कागद करण्याची कला तेथें नव्यानें चालूं झाली.

तथापि या सर्व उद्योगांत एक गोष्ट झांकलेली राहते. कागदी, तांबट, बोहारीण यांच्या हातीं येणारा माल त्यातल्या त्यांत स्वच्छ असे. खरी घाण उचलणारा निराळाच होता, आणि त्याचें काम जन्मानें ठरलेलें होतें.

४

गांवगाड्यांत मेलेलें जनावर ओढून नेण्याचें काम महारांकडे असे व त्याच्या कातड्यावर, मांसावर त्यांचा हक्क सांगितला जाई. कागदोपत्रीं यास हक्क म्हटलें आहे, आणि त्यावरून भांडणें होऊन महजरही झाले. परंतु जो हक्क सोडतां येत नाहीं तो हक्क कसला? गांवकीचें काम, त्याबद्दलचें बलुतें आणि वतनाची तुटपुंजी जमीन या तिहींच्या दोरीनें तो समाज उकिरड्याशीं बांधला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतनाच्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें बिल आणलें, त्याचें मर्म हेंच होतें. कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा होण्यास पुढें १९५८ साल उजाडावें लागलें.

शहरांत प्रकार निराळा, पण वृत्ति तीच. पुण्याची नगरपालिका १८५७ सालीं स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मैल्याचें सोनखत करून तें विकण्याचा क्रम पडला. मुठा कालव्यावरील ऊसवाले आरंभीं नाक मुरडीत असत, तेच पुढें त्याचे गिऱ्हाईक बनले. पालिकेस उत्पन्न झालें, उसास खत मिळालें. ज्यांनीं तो मैला डोक्यावर वाहिला त्यांच्या वांट्यास मात्र विटाळच आला. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धति बंद करण्याविषयींचा केंद्राचा कायदा १९९३ सालीं झाला. तें वर्ष वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

५

१९७२ च्या दुष्काळानें अवर्षणाच्या मुलुखांतून पुष्कळ कुटुंबें पुण्यास आलीं. ज्यांच्यापाशीं जमीन, अक्षरओळख किंवा ओळखीचा मनुष्य यांपैकीं कांहींच नव्हतें, अशांतील कित्येक बायांनीं रस्त्यावरील कचराकुंड्या धुंडून कागद, काच व पत्रा वेचून विकण्यास सुरुवात केली. हें काम करणाऱ्यांत दलित जातींच्या स्त्रियांचाच भरणा फार. पाठीवर पोतें असलेली बाई दिसली कीं तिजवर चोरीचा आळ घालणें लोकांस सोपें वाटे.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामांत असलेल्या लक्ष्मी नारायण व पूर्णिमा चिकरमाने यांनीं १९९० च्या सुमारास या स्त्रियांत वावरण्यास आरंभ केला. कुंडींतून घाणीसकट वेचण्याऐवजीं घराघरांतून वेगळा ठेवलेला सुका माल मिळाला तर मिळकत वाढते व घाणही कमी लागते, हें अनुभवास आलें. पण कचऱ्यास भाव आहे असें दिसतांच त्यावर इतरांचीही नजर जाणार, हें उघड होतें. तेव्हां संघटनेवांचून निभाव नाहीं असें ठरलें. मे १९९३ मध्यें वेचकांची परिषद भरली, आणि हमाल पंचायतीचे संस्थापक डॉ. बाबा आढाव यांच्या पुढारीपणाखालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली.

पंचायतीनें सभासदांस ओळखपत्रें दिलीं, व १९९५-९६ च्या सुमारास पुणें महानगरपालिकेनें त्यांस मान्यता दिली. इतिहासाच्या दृष्टीनें या लहानशा पत्राचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. कोणाही पेशवेकालीन सनदेप्रमाणें त्यांतही तीन गोष्टी आहेत : धारकाचें नांव, देणाऱ्याचा शिक्का आणि करावयाच्या कामाची कबुली. अंतर इतकेंच, पण तें मूलगामी आहे, कीं येथें जात लिहिलेली नाहीं आणि वंशपरंपरेची अट नाहीं. हा हक्क कष्टानें मिळालेला असून तो केव्हांही सोडून देतां येतो.

२००० सालच्या केंद्रीय नियमांनीं घरोघरचा कचरा गोळा करणें हें नगरपालिकांचें कर्तव्य ठरविलें. तेव्हां वेचकांस बाजूस सारून ठेकेदार नेमावे, कीं वेचकांसच हें काम द्यावें, असा प्रश्न उभा राहिला. पुण्यानें दुसरा मार्ग स्वीकारला. वेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००७ सालीं निघाली व २००८ सालीं तिचा पालिकेशीं करार झाला. तिच्या सभासदांची संख्या पुढें तीन हजारांवर गेली. २०१६ च्या नियमांनीं वेचकांस या व्यवस्थेंत सामावून घ्यावें असें सर्व देशास सांगितलें. पुण्यानें तें आठ वर्षें आधींच केलें होतें.

६

आतां ही व्यवस्था चालते कशी तें पाहूं. वेचक बहुधा दोघींच्या जोडीनें काम करितात व जोडीकडे ठराविक घरें असतात. सकाळीं ढकलगाडी घेऊन त्या दारोदार जातात. ओला कचरा निराळा व सुका निराळा घ्यावयाचा, हा पहिला नियम. ओला कचरा पालिकेच्या गाडीवर ठरल्या जागीं दिला जातो. त्याचें पुढें खत किंवा जळाऊ वायु होतो. सुका माल वर्गीकरणाच्या जागीं नेऊन निवडतात. वर्तमानपत्राची रद्दी निराळी, पुठ्ठा निराळा, दुधाच्या पिशव्या निराळ्या, कडक प्लास्टिक, काच, पत्रा, ॲल्युमिनियम हीं सर्व निराळीं. नवख्यास जें सर्व प्लास्टिक एकच दिसतें, तें या बाया बोटांनीं चुरगाळून, आवाज ऐकून जातवार लावतात. शाळेंत आम्हीं धातूंचे गण पाठ करविले. ही विद्याही त्याहून कमी कष्टाची नव्हे.

निवडलेला माल भंगाराच्या दुकानीं वजनावर जातो, तेथून ठोक व्यापाऱ्याकडे व शेवटीं कारखान्यांत. काच कितीही वेळां वितळविली तरी तिचा कस जात नाहीं. कागदाचे तंतू मात्र दर खेपेस आंखूड होतात, म्हणून त्यांत नवा लगदा मिसळावा लागतो. ॲल्युमिनियम खनिजापासून काढण्यास जेवढी शक्ति लागते, तिच्यांतील सुमारें ९५ टक्के शक्ति जुनें ॲल्युमिनियम पुनः वितळविल्यानें वांचते. पण हा सर्व लाभ निवडण्यावर अवलंबून आहे. ओल्या उष्ट्यांत मिसळलेल्या कागदास कारखाना विचारीत नाहीं. म्हणजे या साखळीची पहिली कडी गृहिणीच्या मोरीपाशीं आहे आणि दुसरी वेचक स्त्रीच्या हातीं.

समाजाचे लाभ तीन. घरवाल्यांस थोड्या मासिक शुल्कांत दारांतून सेवा मिळते. पालिकेचा वाहतुकीचा व कचरा पुरण्याचा खर्च वांचतो. तिसरा लाभ सहसा मोजला जात नाहीं, तो शहराबाहेरच्यांचा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत टाकला गेला. तेथील विहिरी नासल्या, धूर पसरला, गांवकऱ्यांस वारंवार आंदोलनें करावीं लागलीं. शहरांत जो माल निवडून विकला गेला, तेवढा त्या गांवांच्या माथीं बसण्याचा टळला. गणेशविसर्जनाच्या वेळीं नदीच्या घाटांवर उभ्या राहून याच स्त्रिया निर्माल्य वेगळें घेतात, तेव्हां तें नदींत न जातां त्याचें खत होतें.

७

या व्यवस्थेंत उणिवाही आहेत. फुटकी काच व टाकलेल्या सुया यांनीं हात कापतात. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघडेच टाकण्याची वाईट रीति अद्याप गेलेली नाहीं. तीं कागदांत गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम २०१७ सालीं काढावी लागली. चिवड्याच्या चकचकीत, अनेक थरांच्या वेष्टनांस भंगारवाला भाव देत नाहीं. तें ओझें वेचकानें फुकट वाहावयाचें. करारांची मुदत संपली कीं मोठ्या गाड्यांच्या ठेक्याची भाषा पुनः ऐकूं येते.

याहून खोल आक्षेप असा कीं, संघटना करून आपण या स्त्रियांस जातीच्याच कामांत कायम केलें. ओळखपत्र हें नवें महारवतनच झालें. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाहीं. वेचकांत आजही दलित स्त्रियाच बहुसंख्य आहेत, हें त्याच्या बाजूस बोलतें. परंतु वतन आणि ओळखपत्र यांची कसोटी एकच : काम सोडणाऱ्याचें काय होतें? वतनदार महारानें गांवकी नाकारली तर गांव त्यास वाळींत टाकी. ओळखपत्र परत करणाऱ्या बाईस कोणी शासन करीत नाहीं. आणि अस्वच्छ व्यवसायांतील लोकांच्या मुलांस मिळणारी शिष्यवृत्ति आपल्याही मुलांस मिळावी म्हणून जी पंचायत झगडते, तिचा हेतु मुलांनीं पोतें उचलावें असा नसतो. तरीही हा भेद आपोआप टिकणार नाहीं. शुल्क बुडवलें, सुका माल दुसऱ्यासच विकला, हातमोजे दिले नाहींत, कीं हक्क जाऊन नुसतें काम उरेल. आणि हक्कावांचून उरलेलें काम म्हणजेच जुनी गांवकी.

संशोधकांस शेवटीं एक विनंति. ओळखपत्रें, शुल्काच्या पावत्या, भंगारदुकानांतील दरांच्या वह्या, परिषदांचे ठराव व पालिकेशीं झालेले करार हीं उद्यांच्या इतिहासाचीं अस्सल साधनें आहेत. तीं आज कोणी जपत नाहीं. कागदाचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे. न जपलेला कागद रद्दींत जातो, व रद्दीचा लगदा होतो. मंडळाच्या सभासदांनीं आपापल्या पेठेंतील हीं कागदपत्रें मिळवून त्यांच्या नकला दप्तरांत ठेवाव्या.