रानडे खालच्या कोर्टात

श्रोतेहो, जप्ती हा शब्द जतकरांना नवा नाही. डफळ्यांची ही सबंध जहागीरच १८२७ साली कर्जापोटी सातारच्या छत्रपतींनी जप्त केली होती. ती परत मिळाली १८४१ साली. चौदा वर्षांनी का होईना, जहागीरदाराची जप्ती उठली. पण कुणब्याच्या दाराशी जप्ती आली म्हणजे? बैल गेले, जमीन गेली, मग ती परत कोण देणार? हा प्रश्न कोर्टात बसून ज्याने सोडवू पाहिला, अशा एका न्यायाधीशाची हकीकत आज सांगायची आहे.

महादेव गोविंद रानडे म्हटले की आपल्याला हायकोर्टाचे न्यायमूर्ती आठवतात, समाजसुधारक आठवतात. पण त्याआधी बावीस वर्षे त्यांची खालच्या कोर्टांतच गेली, हे सहसा कोणी सांगत नाही.

जन्म निफाडचा, १८४२ सालचा. बाळपण कोल्हापुरास गेले आणि पुढले शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ ची. तीत उतरलेल्या एकवीस जणांत हे एक. मराठी राज्याची बाजू घेऊन निबंध लिहिला म्हणून सहा महिने शिष्यवृत्ती बंद झाली! पुढे १८६२ त बी. ए., १८६४ त एम. ए. आणि १८६६ त एलएल. बी. वाचता वाचता डोळे मात्र कायमचे अधू झाले. अक्कलकोटचा कारभार पाहिला, १८६८ त कोल्हापुरास थोडे दिवस न्यायाधीशी केली, म्हणजे संस्थानी कारभार त्यांनी आतून पाहिलेला होता. १८७१ त ते पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज झाले.

तेथून १८७८ त नाशकास बदली झाली आणि वर्षभरात धुळ्यास. कारण उघड होते. वासुदेव बळवंतांचे बंड पेटलेले, आणि सरकारचा या सार्वजनिक सभेच्या माणसावर विश्वास नव्हता. धुळ्यास त्यांची पत्रे फोडून वाचली जात. तरी त्यांनी कामात कुचराई केली नाही.

इकडे १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्याची झळ वाळव्याच्या बाजूला कोकरूडपर्यंत आली. मग १८७९ त सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते.

हा कायदा म्हणजे काय, ते बघा. खतावर शंभराचा आकडा आहे म्हणून शंभराचा हुकूमनामा द्यायचा नाही. व्यवहार मुळापासून तपासायचा. हातात पडले किती, व्याज किती चढवले, फेडले किती? कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचे नाही. हप्ते बांधून द्यायचे. लहान दाव्यांना अपील नव्हते, आणि सगळी गोम येथेच होती. सबजज्जाने चूक केली तर दाद कुठे मागायची? म्हणून तपासणीची सोय केली. १८८१ पासून रानडे पुणे-सातारा भागातल्या खालच्या कोर्टांची दप्तरे तपासू लागले. १८८७ त ते विशेष न्यायाधीश झाले आणि चारही जिल्हे त्यांच्याकडे आले. दरसाल दौरा, मुक्कामाला मुक्काम. रमाबाई पुष्कळदा बरोबर असत. पुढे त्यांनी आपल्या आठवणींत या फिरतीविषयी लिहून ठेवले आहे.

माझ्या मते रानड्यांचे अर्थशास्त्र पुस्तकांइतकेच या दप्तरांतून आले. सावकारही काही कच्चे नव्हते; गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. नुसत्या कायद्याने भागत नाही, शेतकऱ्याला स्वस्त व्याजाचे कर्ज दुसरीकडून मिळाले पाहिजे, हे रानडे मांडू लागले ते याच काळात.

आणि जत? जत पडले संस्थान. इंग्रजी जिल्ह्यांचा हा कायदा जहागिरीच्या शिवेपाशी थांबे. तासगावच्या शेतकऱ्याचे खत विशेष न्यायाधीशांच्या नजरेखालून जाई, जतच्या शेतकऱ्याला ती वाट नव्हती. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते थेट १९४८ त.

तेलंग वारले तेव्हा त्यांच्या जागी, १८९३ त, रानड्यांना हायकोर्टावर नेमण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय एक्कावन्न होते. पुण्याने त्यांना निरोप दिला आणि विशेष न्यायाधीशाच्या दौऱ्याचे काम दुसऱ्याकडे गेले.