न्यूरोफायब्रोमॅटोसिस
न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा चेतातंतूंवर गाठी निर्माण करणारा आनुवंशिक विकार आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

जनुकीय कारण
पहिला प्रकार सुमारे ३,००० जन्मांमागे एकास आढळतो. त्याचे जनुक १७व्या गुणसूत्रावर असून ते १९९० मध्ये ओळखले गेले. पेशींच्या वाढीस आवर घालणारे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन त्यापासून तयार होते. जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असते. एखाद्या पेशीतील दुसरी प्रतही निकामी झाली की गाठ वाढू लागते. त्वचेवरील फिकट तपकिरी डाग हे बहुधा पहिले लक्षण असते. दुर्मीळ अशा दुसऱ्या प्रकाराचे जनुक २२व्या गुणसूत्रावर आहे. त्यातील गाठींमुळे श्रवणशक्ती बाधित होते.

वारसा
बाधित आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, सदोष प्रत मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र सुमारे निम्म्या रुग्णांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो व आईवडील निरोगी असतात. महाराष्ट्रातील अनेक समाजांत आते-मामे भावंडांच्या विवाहाची प्रथा आहे; तथापि हा विकार नात्यातील विवाहामुळे उद्भवत नाही. तो संसर्गजन्यही नाही.