आरोपीच्या पिंजऱ्यात वस्तू

निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने शिंग खुपसून माणसाचा जीव घेतला तर बैलाला दगडमार करावा, त्याचे मांस कोणी खाऊ नये. धन्याला मात्र दोष देऊ नये. धन्याला दोष लागतो तो बैल मारका आहे हे ठाऊक असूनही त्याने त्याला आवरले नसेल तरच. दहा आज्ञांच्या पाठोपाठ येणाऱ्या या बारीकसारीक नियमांवर वाचकांचे लक्ष सहसा ठरत नाही. तथापि धन्याचा दोष वेगळा आणि त्याच्या मालकीच्या वस्तूचा वेगळा, हा भेद तेथे किती काळजीने केला आहे हे पाहण्याजोगे आहे. पुढे कायदेपंडितांनी या बैलाची साक्ष अनेकदा काढली. धन्याविषयीचा अर्धा भाग मात्र ते बहुधा विसरले.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या नियमाशी नाते सांगणारी एक प्रथा होती. लॅटिनमध्ये तिला 'देओ दांदुम', म्हणजे 'देवाला द्यावयाचे', असे म्हणत. इंग्रजांच्या जिभेवर त्याचे 'डिओडँड' झाले. गाडीच्या चाकाखाली कोणी चिरडला, घोड्याच्या लाथेने कोणी दगावला, की पंच त्या चाकाची वा घोड्याची किंमत ठरवीत आणि धन्याला ती राजाकडे भरावी लागे. धन्याचा अपराध असो वा नसो. मूळ हेतू पवित्र होता. ज्याला अंतिम संस्कारांवाचून अवचित मरण आले, त्याच्या आत्म्यासाठी त्या पैशातून मिस्सा अर्पण व्हाव्यात, दानधर्म व्हावा, अशी कल्पना होती. कालांतराने मिस्सा बाजूला राहिल्या आणि पैसा राजाच्या, अथवा राजाने ज्यांना हा हक्क बहाल केला त्या सरदारांच्या, तिजोरीत जाऊ लागला. देवाचे नाव तेवढे उरले. पंचांनाही हे कळत असावे, कारण ते कित्येकदा किंमत मुद्दाम नाममात्र लावीत.

आगगाडी आली आणि हा जुना कायदा अडचणीत आला. १८४१ साली नाताळच्या आदल्या दिवशी रेडिंगनजीक सॉनिंग येथे लोहमार्गावर दरड कोसळून ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या गाडीला अपघात झाला व गोरगरीब उतारू मृत्युमुखी पडले. पंचांनी इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड बसवला. कंपन्या अस्वस्थ झाल्या. १८४६ साली पार्लमेंटने ही प्रथा रद्द केली आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबीयांना भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा केला.

येथे आपल्या घरातलीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्पेनमधील धर्मन्यायालयाचा सुरुवातीच्या काळातील खर्च बऱ्याच अंशी पाखंडी ठरवलेल्यांच्या जप्त मालमत्तेतून भागे. जो न्याय करतो त्याचीच भाकरी आरोपीच्या घरातून येते, तेव्हा न्यायाचे काय होते, हे जाणून घेण्यासाठी ख्रिस्ती माणसाला परधर्मीयांचा इतिहास चाळावा लागत नाही. असो.

डिओडँड अमेरिकेत रुजला नाही. तेथे पोहोचला तो त्याचा सागरी भाऊबंद. चोरटा माल आणणाऱ्या गलबताचा धनी दूरदेशी बसलेला असे, त्याला न्यायालयापुढे उभे करणे अशक्य. गलबत मात्र बंदरात हाताशी असे. म्हणून खटला गलबतावरच भरावयाचा. १७८९ साली अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसने जकात कायद्यात ही तरतूद केली. १८२७ मध्ये 'पाल्मायरा' या जहाजाच्या खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी स्पष्ट केले की येथे अपराधी मानावयाची ती वस्तू. माणसाचा गुन्हा आधी शाबीत होण्याची गरज नाही. समुद्रावर याला काही अर्थ होता. पण कायदा किनाऱ्यावर उतरला आणि दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) मोटारींच्या मागे लागला.

१९७४ सालचा एक निकाल आम्हांस विशेष बोलका वाटतो. पोर्टो रिकोत एका कंपनीने आपली नौका भाड्याने दिली होती. भाडेकरूंच्या ताब्यात असताना तीवर गांजाची एक सिगारेट सापडली. कंपनीला यातले काहीच ठाऊक नव्हते. नौका सरकारजमा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन हे कॅथलिक होते. त्यांनी निर्गम ग्रंथातील बैलापासून डिओडँडपर्यंतची परंपरा त्यात नमूद केली आहे. निर्दोष धनी मात्र नौकेला मुकला.

त्यानंतर दहा वर्षांनी खरी कलाटणी मिळाली. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत १९८४ च्या कायद्याने जप्तीचा पैसा सर्वसाधारण खजिन्याऐवजी एका वेगळ्या निधीत जाऊ लागला. तो तपास यंत्रणांच्या कामी खर्च व्हावयाचा आणि स्थानिक पोलिसांना त्यातून ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळावयाचा. १९८५ मध्ये या निधीत २.७ कोटी डॉलर आले; १९९३ मध्ये ५५.६ कोटी. खटल्यांची शीर्षके वाचून हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही: 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध १,२४,७०० डॉलर रोख'. २००६ च्या त्या अपिलात गाडीत अमली पदार्थ सापडलेच नव्हते. तरी नोटा हरल्या.

फौजदारी खटल्यात आरोपीला निर्दोष मानून सुरुवात होते. हा खटला दिवाणी आणि प्रतिवादी वस्तू. म्हणून सरकारने साधार संशय दाखवला की पुरे, मग ती वस्तू निर्मळ आहे हे धन्याने सिद्ध करावयाचे. त्यासाठीही आधी अनामत भरावयाची, स्वतःच्या खर्चाने वकील द्यावयाचा. गरिबाने काय करावे? जुनी मोटार सोडवण्यास मोटारीहून अधिक पैसा लागत असेल तर तो घरी बसतो. डेट्रॉइटच्या एका विवाहितेने असे केले नाही. पतीने दोघांच्या मालकीच्या मोटारीत वेश्येशी संग केला म्हणून मोटार जप्त झाली. मोटार ६०० डॉलरांची, जुनी. पत्नीला पतीच्या कृत्याचा पत्ताही नव्हता. तिने आपला अर्धा वाटा मागत सर्वोच्च न्यायालय गाठले आणि १९९६ साली ५ विरुद्ध ४ मतांनी ती हरली. पतीने तिचा विश्वासघात केला, आणि दंड तिनेही भरला.

सुधारणेचा झेंडा उचलला तो इलिनॉयचे हेन्री हाइड यांनी. गर्भपाताला सरकारी पैसा नाकारणाऱ्या १९७६ च्या दुरुस्तीमुळे आपल्या वाचकांना ते परिचित असतील. पोलिसांविषयी आदर बाळगणारा हा सनातनी कॅथलिक सभासद १९९३ पासून या प्रश्नावर विधेयके मांडत राहिला आणि डेमोक्रॅट पक्षाचे जॉन कॉनियर्स त्याच्या बाजूला उभे राहिले. १९९९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३७५ विरुद्ध ४८ मतांनी विधेयक संमत केले आणि २५ एप्रिल २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. संघराज्याच्या बहुतेक दिवाणी जप्त्यांत शाबितीचा भार सरकारवर गेला, अनामत रद्द झाली, निर्दोष धन्याला बचाव मिळाला. हाइड यांना याहून कडक पुरावा हवा होता. तडजोडीत तो गेला. जप्तीचा पैसा जप्त करणाऱ्याकडेच राहावा ही मूळ व्यवस्था मात्र जशीच्या तशी राहिली.

पुढची पावले राज्यांनी टाकली. न्यू मेक्सिकोने २०१५ साली दिवाणी जप्तीच बंद केली. दोष शाबीत झाल्यावाचून मालमत्ता जाणार नाही असे ठरले आणि पैसा राज्याच्या खजिन्यात वळवला. नेब्रास्काने २०१६ मध्ये, मेनने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. २०१९ साली इंडियानातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की अवाजवी दंडाची बंदी राज्यांनाही लागू आहे. तेथील तरुणाने थोडे हेरॉइन विकल्याचे कबूल केले होते. कमाल दंड १०,००० डॉलर, आणि जप्त गाडी ४२,००० डॉलरांची, वडिलांच्या विम्याच्या पैशातून घेतलेली.

मे २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की, गाडी अडकून पडलेल्या मालकाला अंतिम सुनावणीआधी वेगळी प्राथमिक सुनावणी मिळण्याचा हक्क नाही. त्या खटल्यातील एक गाडी एका आईची होती; चालवत होता तिचा मुलगा. काँग्रेसमधील नवे सुधारणा विधेयक जून २०२३ मध्ये न्यायविषयक समितीतून २६ विरुद्ध ० मतांनी पुढे सरकले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपली, तेव्हा त्याचा कायदा झालेला नव्हता.