कणेरी येथील ग्रामजीवन संग्रहालय आणि शेतीचा इतिहास : मोट व खळे यांच्या संदर्भात

प्रस्तावना

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, पुणे-बंगळूर महामार्गापासून जवळच, करवीर तालुक्यात कणेरी हे गाव आहे. तेथील सिद्धगिरी मठाच्या परिसरात उभारलेले ग्रामजीवन संग्रहालय पश्चिम महाराष्ट्रातील व लगतच्या कर्नाटकातील शाळा-महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींचे ठरलेले ठिकाण झाले आहे. सुमारे सात एकरांच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या पूर्णाकृती मूर्तींच्या साहाय्याने नांगरट, पेरणी, मळणी, बलुतेदारांची कामे आणि घरातील व्यवहार यांची दृश्ये उभी केली आहेत. मूर्तींचे कसब वाखाणण्यासारखे आहे. बैलांच्या मानेवरील जूं किंवा कष्टकऱ्याच्या पायाच्या ताणलेल्या शिरा पाहताना ग्रामीण भागातून आलेला प्रेक्षकही क्षणभर थबकतो. ज्या पिढीने औत धरलेले नाही तिला औताची ओळख करून देण्याचे काम या संग्रहालयाने केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

तथापि संग्रहालय हे इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाचे असेल, तर त्याची चिकित्सा कागदपत्रांइतकीच काटेकोरपणे व्हावयास हवी. मोगलांच्या आक्रमणापूर्वीचे, बारा बलुतेदार व अठरा अलुतेदार यांच्या परस्परसहकार्यावर चालणारे स्वयंपूर्ण खेडे दाखविणे, ही या संग्रहालयामागील भूमिका आहे. प्रस्तुत लेखात ही भूमिका शेतीच्या इतिहासाशी कितपत जुळते, याचा विचार मोट आणि खळे या दोन गोष्टींच्या आधारे केला आहे. अन्य दृश्यांचा ऊहापोह येथे अभिप्रेत नाही.

मोट : एक अवजार आणि अनेक हात

दख्खनच्या पठारावरील बागायती शेती तेलाची इंजिने व विजेचे पंप येईपर्यंत प्रामुख्याने मोटेवर अवलंबून होती. विहिरीच्या काठावरील मोटवण, त्यावरील चाक, चाकावरून जाणारा जाड नाडा, मोटेच्या सोंडेला बांधलेली बारीक दोरी, बैलांनी उतरत जाण्याची धाव, पाणी पडण्याचे थारोळे आणि तेथून निघणारा पाट अशी ही रचना असे. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. बैल उलट्या पावली मागे सारून मोट पुन्हा विहिरीत सोडावी लागे. हे काम पहाटेपासून चाले व त्यास बैलजोडी, मोटकरी आणि पाटाचे पाणी दारे धरून वळविणारा माणूस इतके बळ लागे. मोटेच्या गाण्यांची गोडी मराठी वाङ्मयाने पुष्कळ वर्णिली आहे. बैलांच्या मानेवरील खांदे सुजल्याचे वर्णन त्या मानाने थोडे आढळते.

या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की मोट तयार कोण करीत असे. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम महारांकडे असे. कातडे कमावण्याचे काम ढोरांचे. मोट शिवण्याचे काम ढोर किंवा चांभार करीत. नाडे व दोर वळण्याचे काम मांगांचे. चाक आणि मोटवणाची लाकडे सुतार घडवी, तर मोटेच्या तोंडाचे लोखंडी कडे लोहाराकडून येई. प्रदेशपरत्वे या वाटणीत फरक पडे, परंतु चामड्याची आणि दोराची कामे गावाने अस्पृश्य ठरविलेल्या जातींकडेच होती, याबाबत दुमत संभवत नाही. म्हणजे बागायतीचे पाणी ज्या साधनाने वर येई, त्याचा मुख्य भाग अस्पृश्यांच्या श्रमातून निर्माण होत असे.

आणि त्याच माणसांना गावाच्या पाणवठ्यावर हात लावण्याची मुभा नव्हती. त्यांचा पाणवठा वेगळा असे; तो आटला म्हणजे दुसऱ्या कोणी वरून पाणी वाढेपर्यंत रिकामी भांडी घेऊन तिष्ठत राहावे लागे. चामड्याच्या मोटेतून आलेले पाणी उसाला चाले, भाजीला चाले, मळ्यातील माणसांच्या तहानेलाही चाले. ती मोट शिवणाऱ्याच्या ओंजळीने मात्र विहीर बाटत असे. ही विसंगती अपघाताने निर्माण झालेली नव्हती. श्रम आत घ्यावयाचे आणि माणूस बाहेर ठेवावयाचा, या तत्त्वावरच गावगाड्याची मांडणी झालेली होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याविषयीचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. हा घटनाक्रम शेतीच्या इतिहासाबाहेरचा मानला जातो. वस्तुतः पाण्याचा इतिहास हा शेतीच्या इतिहासाचा गाभा असल्याने चवदार तळ्यास त्यातून वगळता येणार नाही.

व्यवसायवार दृश्यांच्या मांडणीत हा संबंध निसटतो. चांभार आपल्या जागी चामडे शिवीत बसलेला असतो, शेतकरी आपल्या जागी काम करीत असतो आणि दोहोंच्या मध्ये प्रेक्षकाची पाऊलवाट असते. ही मर्यादा केवळ कणेरीची नसून मूर्तिदृश्यांच्या पद्धतीचीच आहे. मूर्ती कृती दाखवू शकते, नाते दाखविणे तिला कठीण जाते.

खळे : वाटणीची जागा

मळणीच्या दृश्यात खळ्याच्या मध्यभागी तिवडा, त्याभोवती फिरणारी पात आणि धान्याची रास इतके दिसले म्हणजे बहुतेकांचे समाधान होते. परंतु आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने खळे हे मळणीच्या जागेपेक्षा वाटणीची जागा म्हणून अधिक महत्त्वाचे आहे. बलुतेदारांचे वर्षाचे बलुते पिकाच्या हंगामात पेंढ्यांच्या किंवा धान्याच्या रूपाने येथेच दिले जाई. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा ओळी असत आणि त्यांनुसार बलुत्याचे प्रमाण कमीअधिक ठरे. कोणती जात कोणत्या ओळीत, याच्या याद्या ठिकठिकाणी भिन्न आढळतात. याद्यांमधील या फरकावरूनच बारा ही संख्या सर्वत्र एकसारखी लागू होणारी नसून बरीचशी रूढ संकेताची होती, असे म्हणता येते.

बलुतेदार हा एखाद्या कुटुंबाचा नोकर नसून समग्र गावाचा वतनदार सेवक होता, हे जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी दख्खनच्या कागदपत्रांवरून दाखवून दिले. त्याचा हक्क वंशपरंपरागत असे; तो गहाण पडे, विकला जाई, भावाभावांत वाटला जाई आणि त्यावरून तंटेही होत. डॉ. अ. रा. कुलकर्णी यांच्या लेखनातूनही मराठा अमलातील खेड्याचे हे वतनी स्वरूप स्पष्ट होते. परस्परसहकार्य हा शब्द या व्यवस्थेस अगदीच गैरलागू आहे असे नाही. मात्र ते हक्क आणि सक्ती यांनी बांधलेले सहकार्य होते.

येथे दोन साक्षी समोरासमोर ठेवणे उद्बोधक ठरेल. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील नोकरीमुळे त्यांना खेड्याची बारीकसारीक माहिती होती. त्यांची दृष्टी मुख्यतः कुणब्याची आहे. बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते आणि भिक्षेकरी या सर्वांचे ओझे एकट्या कुणब्याच्या राशीवर पडते, अशी त्यांची तक्रार आहे. दुसरी साक्ष डॉ. आंबेडकरांची. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. वतनामुळे महाराला सरकारचे आणि गावाचे काम अहोरात्र करावे लागते, त्याचा मोबदला मात्र रयतेच्या मर्जीवर राहतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. राशीकडे कुणबी पाहतो तेव्हा त्याला घेणारे पुष्कळ दिसतात. महार पाहतो तेव्हा त्याला देणाऱ्याची मर्जी दिसते. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत आणि त्या एकाच खळ्यावरच्या आहेत. मुंबई कनिष्ठ गाववतने निर्मूलन अधिनियम १९५८ चा; म्हणजे वतनाचा हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही अकरा वर्षे शिल्लक राहिला होता.

राशीवर आणखी एक जण उभा असे, तो म्हणजे सावकार. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कर्ज, सारा आणि नोकरशाही यांनी पिळलेला शेतकरी दिसतो. त्याआधी १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले होते. हा काळ अर्थातच संग्रहालयाच्या घोषित कालमर्यादेबाहेरचा आहे. पण मोगलपूर्व काळातील रासही राजभाग दिल्यावाचून घरी जात नसे.

स्वयंपूर्ण खेड्याची कल्पना

खेडे म्हणजे स्वतःपुरते पुरेसे असे छोटे प्रजासत्ताक, ही कल्पना आपल्याकडे प्राचीन समजली जाते. तिचा प्रसिद्ध मसुदा मात्र चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८३० च्या टिपणातील आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानेही पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील १८१९ च्या अहवालात दख्खनच्या गावसंस्थेची स्तुती केली होती. पुढे राष्ट्रीय चळवळीने ही कल्पना उचलली व गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या विचारात तिला नैतिक उंची लाभली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा सादर करताना डॉ. आंबेडकरांनी मेटकाफचाच उतारा समोर ठेवून तिचे खंडन केले. कणेरीच्या संग्रहालयामागे उभी असलेली वैचारिक परंपरा ती हीच. ती परंपरा आदरणीय आहे, परंतु तो इतिहास नव्हे, तर एक आदर्श आहे.

मीठ कोकणातून घाटावर येई. लोखंड प्रत्येक गावात गाळले जात नसे. आठवड्याचा बाजार, घाटाने चालणारे तांडे आणि दूरच्या यात्रा यांवाचून कोणतेही खेडे चालत नव्हते. शिवाय ज्या तिखटाच्या अभिमानाने कोल्हापूर ओळखले जाते, ती मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून आली. भुईमूग आणि तंबाखू ही या भागातील नगदी पिकेही मूळची तिकडचीच. मोगलपूर्व खेड्याचे काटेकोर चित्र काढावयाचे ठरल्यास त्याच्या स्वयंपाकघरातून आणि शेतातून बऱ्याच ओळखीच्या गोष्टी काढून घ्याव्या लागतील.

करवीरचा स्वतःचा इतिहास

या संदर्भात विशेष खेदाची बाब अशी की ज्या भूमीवर हे संग्रहालय उभे आहे, तिचा शेतीविषयक इतिहास कल्पित खेड्यापेक्षा अधिक समृद्ध आहे. गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ १८९५ मध्ये वसविली गेली. म्हणजे गुऱ्हाळातील ढेप गावात खाण्यासाठी नव्हे, तर पेठेत विकण्यासाठी निघत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छत्रपती शाहू महाराजांनी राधानगरी येथे भोगावती नदीवर धरणाचे काम हाती घेतले. सुधारित शेतीच्या प्रसारासाठी कोल्हापुरात किंग एडवर्ड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट निघाली. १९१८ मध्ये महाराजांनी संस्थानातील महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या. त्याच वर्षी कुलकर्णी वतने बरखास्त झाली. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, सार्वजनिक विहिरी, शाळा व दवाखाने येथे अस्पृश्यता पाळू नये असे आदेश निघाले. मोट आणि खळे या दोन्हींसंबंधी वर जे प्रश्न उपस्थित केले, त्यांना याच मातीत, महाडच्या आठ वर्षे आधी, राजाज्ञेने दिलेले हे उत्तर होते.

नांगराची कथाही अशीच. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची स्थापना केली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ असल्याने प्रारंभी त्यांच्या नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लाकडी नांगर सुतार बलुत्यावर करून देई, लोखंडी नांगराला रोख पैसे मोजावे लागत. तेव्हा विरोधाचे कारण केवळ अंधश्रद्धेत शोधणे पुरेसे नाही. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या. लाकडी नांगराच्या शेजारी हा लोखंडी नांगर ठेवला, तर सुतार व कुणबी यांचे बलुत्याचे नाते कसे सैल होत गेले, हे एका दृष्टिक्षेपात कळेल.

अध्यापनातील उपयोग

या सर्व विवेचनाचा अर्थ सहली बंद कराव्यात असा नाही. पाहणीपूर्वी विद्यार्थ्यांना ‘गावगाडा’तील बलुत्याचे प्रकरण आणि शाहू महाराजांचे १९१८-१९ चे आदेश वाचावयास द्यावेत. संग्रहालयात प्रत्येक अवजारासमोर हे कोणी घडविले, त्याला काय मिळाले आणि तो पाणी कोठे भरत असे, हे तीन प्रश्न विचारावेत. परत आल्यावर विद्यार्थ्यांनी स्वतःच्या गावातील जुन्या विहिरींची नोंद करावी. कोणती विहीर कोणाची, तिच्यावर मोटवणाचे दगड अद्याप आहेत काय, आणि तेथे पाणी भरण्यास कोणास मज्जाव होता, हे वृद्धांकडून विचारून लिहून घ्यावे. मोट हाकलेली माणसे अजून काही गावांत भेटतात. मोट शिवलेली माणसे त्याहून थोडी उरली आहेत, आणि सहलीच्या वाटेवर त्यांची घरे लागत नाहीत. त्यासाठी गावाच्या कडेच्या वस्तीपर्यंत चालत जावे लागेल.